आधी एस.टी. जाऊ द्या

आमची शाळा रस्त्याच्या अलीकडे आणि गावठाण पलीकडे. त्यामुळे रोज दोनदा तरी रस्ता ओलांडावा लागतोच. गेल्या पावसाळ्यात मी व माझा धाकटा भाऊ (तो पहिलीत आहे) आजोळाहून एस.टी.ने आलो. शाळेजवळच्या थांब्यावर उतरलो, तोच पलीकडून आजोबांनी हाक मारली, "बाळ्या, ये रं!" झालं! बाळ्या एस.टी.च्या पुढून जो सुटला, तो मागून एस.टी.ला ओलांडून येणाऱ्या जीपसमोरच गेला. जीपवाल्याने करकचून ब्रेक मारला. बाळ्या वाचला, पण त्याची एक चप्पल चाकाखाली गेली. त्या रात्री घरात कोणी नीट जेवले नाही.

चूक कोणाची, यावर घरी पुष्कळ वाद झाला. मी गुरुजींना विचारले. त्यांनी आम्हांला मैदानावर नेले, टेपने ११ मीटर मोजून दोन दगड ठेवले. ताशी ४० किलोमीटर वेगाची गाडी एका सेकंदात एवढी पुढे जाते. मूल दिसल्यापासून ड्रायव्हरचा पाय ब्रेकवर पडेपर्यंतच साधारण एक सेकंद जातो. म्हणजे तोवर वेग मुळीच कमी झालेला नसतो! ब्रेक लागल्यावरही गाडी आणखी पुढे जाते. ओल्या रस्त्यावर तर फारच.

शिवाय उभ्या एस.टी.आडून आपल्याला जीप दिसत नाही आणि जीपवाल्याला आपण. खुद्द एस.टी.च्या ड्रायव्हरलाही अगदी पुढ्यातले बुटके मूल दिसत नाही, कारण तो उंचावर बसतो. म्हणून उतरल्यावर कडेलाच थांबावे आणि एस.टी. जाऊ द्यावी. मग उजवीकडे, डावीकडे, पुन्हा उजवीकडे पाहून चालत जावे. उजवीकडे आधी का? आपल्याकडे गाड्या डाव्या बाजूने चालतात, तेव्हा आपल्या जवळची गाडी उजवीकडूनच येते. पळू मात्र नये, पाय घसरतो.

आता पालकांना. मोठ्यांना सांगणे बरे दिसत नाही, पण सांगतो. घरच्यांची हाक आली की लहान मुलाला रस्ता दिसतच नाही. गाडीचा वेगही त्याला उमगत नाही. म्हणून पलीकडून हाक मारू नका, हातही करू नका. स्वतः अलीकडे या व मनगट धरून न्या. नुसते बोट धरले तर ते निसटते.

आजोबांना हे पटेना. "आम्ही काय रस्तं बघितलं न्हाईत व्हय?" म्हणाले. मग मी त्यांना मैदानावरचे ते दोन दगड दाखवले. आता शाळा सुटायच्या आधीच ते अलीकडे येऊन चिंचेखाली बसतात. गुडघे दुखतात म्हणून कुरकुरतात, पण येतात.

— इयत्ता सातवीतील एक विद्यार्थी