दोन तारांची बस

राज्य परिवहनाची पहिली बस १ जून १९४८ रोजी धावली ती पुणे–अहमदनगर मार्गावर. जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर झालं, तरी हा मान आपल्याकडेच आहे. त्या बसइतकीच मला एसटीतली घंटीची दोरी आवडते. छताखालून ती पार ड्रायव्हरच्या कानापर्यंत जाते. कंडक्टर ओढतो, सोडतो. सोडली की ती आपोआप जागेवर येते. एक टोल म्हणजे थांब, दोन म्हणजे चल. एवढ्या भाषेवर घाट उतरले जातात.

आपल्या घरादारातल्या यंत्रांच्या पोटातही अशीच एक दोरी असते, किंबहुना दोन. तिलाही बसच म्हणतात! १९८२ मध्ये फिलिप्स कंपनीने ही पद्धत काढली. टीव्हीसारख्या यंत्रांत चिपची संख्या वाढत होती आणि प्रत्येकीला वेगळ्या तारा जोडायच्या म्हणजे जंजाळ. मग ठरलं, सगळ्यांना मिळून दोनच तारा. पद्धतीचं नाव आय-टू-सी.

मी बी.ए. झालेला, कविता करणारा माणूस. विजेशी माझा संबंध बटण दाबण्यापुरता. पण माझा भाचा दूध संकलन केंद्रांची यंत्रं दुरुस्त करतो. एका गावातल्या यंत्रातून तारखेच्या जागी ०१-०१-०० छापलेल्या पावत्या निघू लागल्या, तेव्हा त्याने ते माझ्यासमोर उघडलं. संगमनेर, राहाता, राहुरीकडे ज्यांच्या घरात गाय आहे त्यांना या पावतीचं मोल सांगायला नको. लिटर, फॅट, एसएनएफ, तारीख, सकाळ की संध्याकाळ, यावरच दुधाचा पगार ठरतो.

आत एक मुख्य चिप, एक घड्याळाची, एक आठवणीची; आणि तिघींना जोडणाऱ्या त्या दोन तारा. एक तार ताल धरते, दुसरी मजकूर नेते. दोन्ही तारा एरवी वर, म्हणजे विजेच्या दाबाखाली असतात. त्यांना वर धरून ठेवणारा एक साधा रेझिस्टन्स असतो, एसटीच्या दोरीच्या स्प्रिंगसारखा. चिप फक्त खाली ओढू शकते किंवा सोडून देऊ शकते. ओढलं तर शून्य, सोडलं तर एक.

बोलणं सुरू होतं ते हजेरीसारखं. ताल वर असताना मुख्य चिप मजकुराची तार खाली ओढते, म्हणजे 'ऐका!' मग सात ठोक्यांत पत्ता. आठव्या ठोक्यात 'लिहून घे' की 'वाचून दाखव' ते कळतं. नवव्या ठोक्याला मुख्य चिप तार सोडून देते आणि वाट पाहते. जिचा पत्ता असेल ती तार खाली ओढते, म्हणजे 'हजर'. बाकीच्या गप्प. घड्याळाच्या त्या चिपचा पत्ता ११०१०००. आठवणीच्या चिपचा १०१० ने सुरू होतो; पुढचे तीन आकडे जोडणीवरून ठरतात, म्हणून तशा आठ जणी एकाच बसमध्ये बसू शकतात. सात ठोक्यांत १२८ पत्ते होतात, त्यांतले १६ राखीव. राखीव जागा इथेही आहेतच!

मला सर्वांत भावलं ते पुढचं. मोठ्या यंत्रांत कधी दोन मुख्य चिप एकदमच बोलू लागतात. प्रत्येक जण बोलता बोलता तारेकडे पाहत असते. आपण तार सोडली, तरी ती खालीच आहे, म्हणजे दुसरं कुणी बोलतंय, हे कळताच ती गप्प होते. दुसरीचा मजकूर जराही बिघडत नाही. कविसंमेलनात माईकजवळ असं घडलेलं मी अजून पाहिलेलं नाही.

मात्र 'हजर' म्हणजे 'बरोबर' नव्हे. मजकूर पोहोचला एवढंच तो नववा ठोका सांगतो. साडेतीनच्या फॅटचे अडीच होऊन आले, तरी आठवणीची चिप तितक्याच आज्ञाधारकपणे ते लिहून घेईल. शिवाय लिहून घेताना ती काही मिलिसेकंद कुणालाच ओ देत नाही. नीट बनवलेलं यंत्र तिला पुन्हा पुन्हा हाक मारतं. घाईत बनवलेलं उत्तराची वाट न पाहता पुढे जातं आणि ती नोंद राहून जाते. पावती हातात, यंत्रात काहीच नाही. म्हणून भाचा गावोगाव एकच सांगतो, आधी पडद्यावरचा आकडा वाचा, मग पावती घ्या, आणि दहा दिवसांच्या पावत्या जपून ठेवा.

त्या ०१-०१-०० चं कारण मात्र किरकोळ निघालं. वीज गेल्यावर घड्याळ चालू ठेवणारा बटणाएवढा सेल संपला होता. वीज आली की चिप पुन्हा १ जानेवारी २००० पासून सुरुवात करायला बसे. "मामू, ती हाकेला ओ देतेय," भाचा म्हणाला, "फक्त तिला आज कोणता दिवस आहे ते माहीत नाही." त्याने नवा सेल बसवला, तारीख लावली आणि संध्याकाळच्या दुधाची रांग पुढे सरकली.