संगणकाचे पहिले काम : दहावी-बारावीच्या मुलांनी कुठे शोधावे?

दहावी-बारावीचे निकाल लागले की कारागीर आणि दुकानदार बांधवांकडून आम्हाला एक प्रश्न हमखास विचारला जातो : "मुलाने कॉम्प्युटरचा कोर्स केला आहे, आता त्याला काम कुठे मिळेल?" प्रश्न साधा आहे, पण त्यामागे घराची ओढाताण असते. बाप सुतार, शिंपी, गॅरेजवाला किंवा पथारीवाला. मुलगा सोळा-सतरा वर्षांचा. घरात चार पैसे यावेत ही गरज असते आणि मुलाने आपल्यासारखे हाल काढू नयेत ही इच्छाही असते.

पुण्यात संगणक म्हटले की डोळ्यांसमोर हिंजवडीच्या काचेच्या इमारती येतात. तेथील कामाला बहुतेक ठिकाणी पदवी मागतात. सोळा वर्षांच्या मुलाला तेथे दार नाही. मग मुलगा निराश होतो आणि बाप म्हणतो, "कोर्सचे पैसे वाया गेले." आमचे सांगणे असे की पहिले काम आपल्याच बाजारात शोधावे, म्हणजे बुधवार पेठेत, रविवार पेठेत, कॅम्पात, कोंढव्यात, जेथे धंद्यात रोज संगणक लागतो. आणि काम मिळाले तरी शिक्षण सोडू नये. या दोन्ही गोष्टींचे मोल कळावे असे एक उदाहरण पुण्यातच घडलेले आहे.

कॅल्क्युलेटर दुरुस्तीपासून सुरुवात

कैलास काटकर हे मूळचे सातारा जिल्ह्यातील रहिमतपूरचे. शिक्षण दहावीपर्यंत. १९८५ च्या सुमारास, वय विशीच्या आत असताना, त्यांनी पुण्यातील एका दुकानात कॅल्क्युलेटर दुरुस्तीचे काम धरले. पगार महिना ४०० रुपये. दुरुस्तीच्या निमित्ताने बँकांत जाणे होई आणि तेथेच त्यांनी संगणक प्रथम पाहिला. बँकेत असे यंत्र आले म्हणजे उद्या कॅल्क्युलेटरचे काम कमी होणार, हे त्यांनी ओळखले आणि पुस्तके आणून संगणकाची दुरुस्ती शिकायला सुरुवात केली.

१९९० च्या सुमारास त्यांनी मंगळवार पेठेत स्वतःचे छोटे दुरुस्तीचे दुकान काढले. १९९३ मध्ये 'कॅट कॉम्प्युटर सर्व्हिसेस' सुरू झाली. धाकटे बंधू संजय यांना त्यांनी आग्रहाने संगणकशास्त्र शिकायला लावले. संजय मॉडर्न कॉलेजात शिकत होते. त्या काळी फ्लॉपीतून व्हायरस पसरत आणि दुरुस्तीला येणाऱ्या अनेक संगणकांत तोच रोग असे. संजय यांनी एकेका व्हायरसवर उतारा म्हणून छोटे प्रोग्रॅम लिहिले. हे उतारे एकत्र करून १९९५ मध्ये 'क्विक हील' बाजारात आले. २००७ मध्ये कंपनीचे नावही तेच झाले आणि २०१६ मध्ये तिचे समभाग शेअर बाजारात नोंदले गेले.

ही गोष्ट सांगताना बरेच जण एवढेच सांगतात की दहावी शिकलेला माणूस मोठा झाला. त्यातून "मग शाळा कशाला?" असा उलटा अर्थ घेतला जातो. आम्हाला त्यात वेगळेच दिसते. थोरल्या भावाच्या हातात धंद्याचे ज्ञान होते. कोणते यंत्र का बिघडते, ग्राहक कशासाठी पैसे मोजतो, हे त्याला ठाऊक होते. धाकट्याकडे पुस्तकी विद्या होती. दुकान नसते तर रोगी संगणक समोर आले नसते आणि कॉलेज नसते तर त्यावरचा उतारा निघाला नसता. शिवाय ज्याचे शिक्षण सुटले त्यानेच भावाचे सुटू दिले नाही. आपल्या घराघरांनी घ्यायचा धडा हाच आहे.

बाजारातली चार दारे

२००६ च्या सच्चर समितीच्या अहवालानुसार देशातील मुस्लिम कामगारांपैकी सुमारे ६१ टक्के लोक स्वयंरोजगारात होते. म्हणजे आपल्या बहुतेक मुलांना घरी किंवा शेजारी एखादा धंदा जवळून पाहायला मिळतो. ही कमाई लहान नाही. धंदा माहीत असलेला आणि संगणकही येणारा मुलगा दुकानदाराला हवा असतो.

पहिले दार दुरुस्तीचे. तपकीर गल्लीच्या परिसरात विजेच्या आणि इलेक्ट्रॉनिक्सच्या सामानाची दुकाने आहेत, आणि संगणक-मोबाइल दुरुस्तीची लहान दुकाने तर आता प्रत्येक वस्तीत आहेत. नवशिक्याला सुरुवातीला यंत्र उघडून धूळ काढणे, मेमरीचे संपर्क पुसणे, मल्टिमीटरने वीजपुरवठा तपासणे, विंडोज टाकणे ही कामे मिळतात. यांत एक नियम पहिल्याच दिवशी शिकावा. ग्राहकाची माहिती दुसरीकडे उतरवून घेतल्याशिवाय डिस्क पुसायची नाही, आणि त्यातील फोटो-कागद उघडून पाहायचे नाहीत. दुकानात आलेला संगणक ही अमानत आहे. कारागिरी एक वेळ उशिरा येईल, पण विश्वास गेला तर परत येत नाही.

दुसरे दार हिशेबाचे. १ जुलै २०१७ पासून जीएसटी लागू झाला आणि वहीखाते संगणकावर आणणे अनेक व्यापाऱ्यांना भाग पडले. टॅली शिकलेली मुले पुष्कळ आहेत, पण व्यापार समजणारी थोडी. मुलाखतीला जाण्याआधी मुलाने एवढे तरी जाणावे : जीएसटी क्रमांक पंधरा अक्षरी असतो, त्यातील पहिले दोन अंक राज्याचे, महाराष्ट्राचे २७, आणि पुढची दहा अक्षरे म्हणजे पॅन. दरमहा विवरण भरणाऱ्या व्यापाऱ्याला विक्रीचे विवरण पुढील महिन्याच्या ११ तारखेपर्यंत आणि कर भरण्याचे २० तारखेपर्यंत द्यावे लागते. खरेदीवर दिलेला कर विक्रीवरील करातून वजा मिळतो, पण त्यासाठी बिल नीट हवे. ज्या मुलाने वडिलांच्या दुकानाची सहा महिन्यांची बिले टॅलीत स्वतः चढवली आहेत, त्याला हे तोंडपाठ करावे लागत नाही. कर सल्लागाराच्या कार्यालयात तो पहिल्या दिवसापासून उपयोगी पडतो.

तिसरे दार छपाईचे. लग्नपत्रिका, पावतीपुस्तके, फलक, पुस्तके यांची जुळणी करणारे डीटीपी ऑपरेटर पुण्याच्या पेठांत आजही लागतात. येथे आपल्या मुलांजवळ एक हुकमी गोष्ट आहे. घरात उर्दू वाचले जाते, शाळेत मराठी आणि इंग्रजी. एकाच पत्रिकेवर तिन्ही भाषा चूक न करता बसवणारा माणूस सहज मिळत नाही. मराठीसाठी श्री-लिपीसारखे जुने फाँट आणि युनिकोड दोन्ही यावेत, कारण छापखान्यातला जुना मजकूर एकात असतो आणि मोबाइलवरून येणारा दुसऱ्यात. उर्दूसाठी इनपेज यावे. हे सॉफ्टवेअर दिल्लीच्या कंपनीने १९९४ मध्ये आणले आणि त्यातील नूरी नस्तालीक ही लिपी मिर्झा अहमद जमील या खुशनवीसांच्या अक्षरावरून १९८१ मध्ये तयार झालेली. कातिबाची कला संगणकात गेली ती कातिबाच्याच हातून. अक्षराची जाण असलेला मुलगा येथे इतरांच्या पुढे राहतो.

चौथे दार कारागिरीच्या यंत्रांचे. भरतकामाची यंत्रे, लाकूड कोरणारे राऊटर, लेसर कटिंग, फ्लेक्स छपाई ही सर्व आता संगणकावर काढलेल्या नक्षीवर चालतात. नक्षी संगणकावर काढणाऱ्याला टाका कसा बसतो, लाकडाचा रेषा कुठे फुटतो, कापड कुठे ताणते हे ठाऊक असले तर माल वाया जात नाही. जरीकाम किंवा सुतारकाम करणाऱ्या बापाने हे ज्ञान मुलाला द्यावे. यंत्रावर मात्र अठरा वर्षे पूर्ण झाल्याशिवाय उभे करू नये. तोपर्यंत नक्षीच्या टेबलावर बसवावे.

जुने संगणक फोडून, तारा जाळून तांबे काढणे याला कुणी "कॉम्प्युटरचे काम" म्हणत असेल तर मुलाला तेथे पाठवू नये. जळत्या तारेचा धूर विषारी असतो आणि जुन्या पडद्यांच्या काचेत शिसे असते.

कोणते प्रमाणपत्र कशासाठी?

प्रमाणपत्राने काम मिळतेच असे नाही, पण काही प्रमाणपत्रांशिवाय काही दारे उघडतच नाहीत. २००१ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशनचा एमएस-सीआयटी हा कोर्स संगणकाची तोंडओळख करून देतो आणि राज्य सरकारच्या अनेक पदांसाठी विचारला जातो. लिपिक-टंकलेखकाच्या पदासाठी मराठीत मिनिटाला ३० किंवा इंग्रजीत ४० शब्दांचा वेग लागतो. त्याची परीक्षा पुण्याचीच महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद घेते.

ज्याला नीट पाया हवा त्याने औंधच्या सरकारी आयटीआयसारख्या संस्थेत चौकशी करावी. 'कोपा' म्हणजे कॉम्प्युटर ऑपरेटर हा ट्रेड दहावीनंतर एक वर्षाचा आहे. गणित बरे असेल तर दहावीनंतर तीन वर्षांची पदविका अधिक चांगली, कारण पुढे अभियांत्रिकीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो. कॅम्पातील आझम कॅम्पसवर शाळेपासून संगणकाच्या पदवीपर्यंतची सोय एकाच आवारात आहे आणि मुलींनाही तेथे शिकणे सोयीचे पडते. ज्यांचे शिक्षण सुटले आहे त्यांच्यासाठी नाशिकचे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आहे. काम करता करता पदवी घेता येते.

मुलींविषयी एक शब्द. हिशेब, टंकलेखन, जुळणी, नक्षीचे रेखाटन ही कामे मुली उत्तम करतात. मुलीला कोर्स करू द्यायचा आणि कामाचा विषय निघाला की "नको" म्हणायचे, यात तिचे आणि घराचे दोघांचे नुकसान आहे.

वय, वेळ आणि पगार

कायदा मालकाने आणि बापाने दोघांनी जाणावा. बालमजुरीविरोधी कायद्यात २०१६ मध्ये दुरुस्ती झाली. १४ वर्षांखालील मुलाला कामावर ठेवता येत नाही. घरच्या धंद्यात शाळेनंतर किंवा सुटीत मदत करण्याची मुभा आहे, तीही काम धोक्याचे नसेल तरच. १४ ते १८ वयाच्या मुलांना धोक्याच्या कामावर ठेवता येत नाही. इतर कामांतही विश्रांती धरून दिवसाला सहा तासांपेक्षा जास्त ठेवायचे नाही, तीन तासांनंतर तासाभराची विश्रांती द्यायची, संध्याकाळी ७ ते सकाळी ८ काम द्यायचे नाही आणि आठवड्याला एक सुटी द्यायची. सकाळचे कॉलेज आणि दुपारचे चार तास काम, असा मेळ या चौकटीत नीट बसतो.

"शिकायला ठेवतो, पगार नंतर बघू" ही भाषा आपल्या बाजारात जुनी आहे. उस्ताद-शागीर्दाची रीत चांगली, पण मुदत आणि रक्कम ठरलेली हवी. पहिल्याच दिवशी पाच गोष्टी विचारून कागदावर घ्याव्यात : कामाची वेळ, पगार, तो कोणत्या तारखेला, परीक्षेच्या दिवसांत सुटी, आणि सहा महिन्यांत नेमके काय शिकवणार. पाचवी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. ज्या दुकानात वर्षभर फक्त चहा आणणे आणि झेरॉक्स काढणे आहे तेथे वय वाढते, विद्या वाढत नाही.

फसवणुकीपासून सावध

"घरबसल्या डेटा एंट्री, महिना भरपूर कमाई" अशा जाहिरातींत आधी नोंदणीची रक्कम मागतात. नंतर "कामात चुका झाल्या, करार मोडला" म्हणून वकिलाच्या नोटिशीची भीती घालून आणखी पैसे उकळतात. काम देणारा पैसे देतो, मागत नाही, ही खूण लक्षात ठेवावी. दुसरा धोका याहून मोठा. "तुझे बँक खाते आणि सिम वापरायला दे, दरमहा पैसे देतो" असे सांगून मुलांच्या खात्यातून चोरीचा पैसा फिरवतात. पोलिसांचा तपास मग खातेदाराच्या दारात येतो. कोणत्याही कारणाने खाते दुसऱ्याच्या हाती देऊ नये. फसवणूक झालीच तर लाजेने गप्प न बसता ताबडतोब १९३० या क्रमांकावर कळवावे.

दुकानदार बांधवांना विनंती

शेवटी ज्यांच्या दुकानात संगणक आहे त्यांना दोन शब्द. प्रशिक्षणार्थी कायद्याखाली चार किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनेलाही शिकाऊ उमेदवार घेता येतात आणि त्यांच्या विद्यावेतनाचा काही भाग सरकार उचलते. याची नोंदणी करून घ्यावी. तेवढा धंदा नसेल तर मोहल्ल्यातील एका होतकरू मुलाला रोज तीन-चार तास ठेवावे, ठरलेला पगार वेळेवर द्यावा आणि परीक्षेच्या आधी पंधरा दिवस सोडावे. ज्या मुलाला आपण आज अभ्यासाला वेळ दिला, तोच उद्या आपल्या दुकानाचा हिशेब, जाहिरात आणि ऑनलाइन विक्री सांभाळेल.

आणि मुलांना एवढेच. सुटीच्या पहिल्या आठवड्यात वडिलांच्या, मामांच्या किंवा शेजारच्या दुकानाची बिले मागून घ्यावीत, ती संगणकावर चढवावीत आणि छापून फाईल करावी. काम मागायला जाताना प्रमाणपत्राच्या आधी ही फाईल पुढे ठेवावी. दुकानदाराला आपल्या कामाचा माणूस ओळखायला तेवढे पुरेसे असते.