पदवीनंतरचा उंबरठा : विद्यार्थ्यांची स्वप्ने आणि आपले उत्तरदायित्व

बीएएमएसच्या अंतिम परीक्षेचा निकाल लागला की दरवर्षी एखाददुसरा विद्यार्थी आमच्या चिकित्सालयात येऊन जातो. पेढे ठेवतो, नमस्कार करतो आणि मग मूळ विषयाकडे वळतो. काही वर्षांपूर्वी अशीच एक विद्यार्थिनी आली होती. तालुक्याच्या गावी स्वतःचे पंचकर्म चिकित्सालय काढावे, हे तिचे स्वप्न होते. तिने सरळ विचारले, “सर, केवळ आयुर्वेदावर घर चालते का?” आम्ही म्हणालो, “श्रद्धा ठेव, सर्व ठीक होईल.” पुढे ती एका विमा कंपनीत दावे तपासण्याच्या नोकरीत रुजू झाल्याचे कळले. त्या नोकरीत कमीपणा काहीच नाही. परंतु तिने माहिती मागितली होती आणि आम्ही आशीर्वादावर तिची बोळवण केली, ही टोचणी आजही आहे. प्रस्तुत लेख त्या टोचणीतूनच लिहीत आहोत.

धनैषणा गौण नव्हे

विद्यार्थ्याने अर्थार्जनाविषयी विचारले की आपल्यापैकी अनेकांच्या कपाळाला आठी पडते. शास्त्र मात्र असे सांगत नाही. चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या तिस्रैषणीय अध्यायात प्राणैषणेच्या लगोलग धनैषणा सांगितली आहे. परलोकैषणा त्यानंतर येते. साधनांवाचून दीर्घायुष्य कंठणे त्यांनी अत्यंत अनिष्ट मानले असून कृषी, पशुपालन, वाणिज्य, राजसेवा हे उपजीविकेचे मार्गही निर्देशिले आहेत. तेव्हा “घर चालते का?” हा प्रश्न अश्रद्धेचा नसून शास्त्रसंमत प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर तपशिलानेच दिले पाहिजे.

पुढील वाटा

साडेचार वर्षांचे अध्ययन आणि एक वर्षाची आंतरवासिता पूर्ण झाल्यावर विद्यार्थ्यासमोर साधारणतः चार वाटा असतात. पहिली वाट पदव्युत्तर शिक्षणाची. त्यासाठी अखिल भारतीय आयुष पदव्युत्तर प्रवेश परीक्षा द्यावी लागते व पुढे तीन वर्षे द्यावी लागतात. दुसरी वाट शासकीय सेवेची. आयुष्मान भारत योजना 2018 मध्ये सुरू झाल्यानंतर उपकेंद्रांवर समुदाय आरोग्य अधिकारी हे पद निर्माण झाले आणि सहा महिन्यांचा सामुदायिक आरोग्य प्रमाणपत्र अभ्यासक्रम पूर्ण करून महाराष्ट्रातील अनेक आयुर्वेद पदवीधर त्या पदावर गेले. ग्रामीण रुग्णांची नाडी हाती येण्याची ही मोठी संधी होय. मात्र तेथील काम मुख्यत्वे राष्ट्रीय आरोग्य कार्यक्रमांचे असते, हे आधी सांगावयास हवे.

तिसरी वाट औषधनिर्मितीची आहे व तिच्याकडे विद्यार्थ्यांचे लक्ष फारसे जात नाही. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याखालील नियमांनुसार आयुर्वेदीय औषधनिर्मिती अर्हताप्राप्त, पूर्णवेळ तांत्रिक व्यक्तीच्या देखरेखीखाली व्हावी लागते आणि आयुर्वेदाची पदवी ही त्यासाठी मान्य अर्हता आहे. चौथी वाट स्वतंत्र चिकित्सेची. बहुतेकांचे स्वप्न हेच असते आणि बहुतेकांचा धीर सुटतो तोही येथेच.

धीर का सुटतो?

आमच्या अनुभवाने याचे कारण ज्ञानाचा अभाव हे नाही. त्रिभुवनकीर्ति रसाचे घटक आणि भावनाद्रव्ये विद्यार्थी अस्खलित सांगतो. परंतु कज्जली सिद्ध होईपर्यंत खलापाशी उभे राहण्याचा योग त्यास क्वचितच आलेला असतो. अवलेहाच्या पाकपरीक्षा त्यास पाठ असतात. पण तार कशी सुटते, पाण्यात टाकलेला पाक कसा बुडतो, दाबल्यावर मुद्रा कशी उमटते, हे त्याच्या बोटांना ठाऊक नसते. अशोकाच्या सालीच्या नावाखाली आसुपालवाची साल पुढे आल्यास तो ओळखील, याची खात्री नसते.

सुश्रुताचार्यांनी हा धोका फार पूर्वी ओळखला होता. केवळ शास्त्र जाणणारा आणि कर्मात अपरिचित असलेला वैद्य रुग्णासमोर गोंधळतो, रणांगणात भित्रा गोंधळतो तसा, असा त्यांचा आशय आहे. म्हणूनच सूत्रस्थानाच्या नवव्या अध्यायात त्यांनी योग्या, म्हणजे प्रत्यक्ष सराव सांगितला. छेदनकर्म कोहळा, दुध्या भोपळा, काकडी यांवर करावे, वेधनाचा सराव कमळाच्या देठावर करावा, बंधनकर्म कृत्रिम मनुष्याकृतीवर शिकावे. त्यालाच लागून दहावा अध्याय येतो तो विशिखानुप्रवेशाचा, अर्थात वैद्याने व्यवसायाच्या मार्गावर पाऊल टाकण्याचा. अध्ययन, कर्मदर्शन व कर्माभ्यास झाल्यानंतर, राजाची अनुज्ञा घेऊन, स्वच्छ वेष धारण करून वैद्याने बाहेर पडावे, असा तेथील क्रम आहे. योग्या आणि प्रवेश हे दोन अध्याय शेजारी आहेत, ही गोष्ट आम्हांस महत्त्वाची वाटते. आज अनुज्ञा मिळते ती परिषदेच्या नोंदणीने. योग्या मात्र पुष्कळदा अपुरी राहते.

आपण काय करू शकतो?

नवी दिल्लीचे राष्ट्रीय आयुर्वेद विद्यापीठ 1988 मध्ये स्थापन झाले. गुरुशिष्यपरंपरेने पदवीधरास एक वर्ष अनुभवी वैद्यांकडे ठेवण्याचा त्याचा उपक्रम आदर्शवत आहे. परंतु त्याच्या जागा मर्यादित असणार. उरलेल्यांसाठी दारे आपणच उघडावयाची आहेत.

चिकित्सकांनी वर्षातून किमान एका नवपदवीधरास तीन महिने शेजारी बसवावे. त्याच्याकडून दशविध परीक्षेसह रुग्णपत्रक लिहून घ्यावे व सायंकाळी ते तपासावे. याहून अवघड काम म्हणजे त्यास आपली हिशेबवही दाखविणे. जागेचे भाडे किती, प्रारंभीच्या वर्षी किती रुग्ण येत, औषधांची उधारी कशी फेडली, कोणत्या चुका महागात पडल्या, हे आपण सांगितल्याखेरीज त्यास कोण सांगणार?

औषधनिर्मात्यांनी आपल्या कारखान्याचे दार विद्यार्थ्यांना केवळ सहलीपुरते उघडू नये. एखाद्या आसवाची किंवा अवलेहाची सिद्धता कच्च्या मालाच्या परीक्षेपासून लेबल लागेपर्यंत त्यास करू द्यावी. तांत्रिक पदावर घेतलेल्या पदवीधरास केवळ परवान्यावरील नाव मानू नये. त्यास योग्य वेतन व प्रत्यक्ष अधिकार द्यावेत. त्याने नाकारलेली मालाची खेप खरोखर परत गेली पाहिजे. आज औषध जाणून घेतलेला वैद्यच उद्या आपल्या औषधाची विश्वासाने योजना करील, हा व्यावहारिक लाभही लहान नाही.

‘आमच्या वेळी कोणी हात धरला नव्हता,’ असे काही बंधू म्हणतील. बहुतेकांच्या बाबतीत ते खरेही असेल. पण त्या एकटेपणात किती सहाध्यायी वाटेतच गळाले, हेही आपण पाहिले आहे.

यंदा निकालानंतर जो विद्यार्थी येईल, त्याच्यापुढे आम्ही आमची पहिल्या वर्षाची हिशेबवही ठेवणार आहोत. त्यातील आकडे गौरवास्पद नाहीत. तथापि घर चालते का, कधीपासून चालते आणि तोपर्यंत काय करावे लागते, एवढे त्यातून त्यास कळेल. आपणही आपापली वही शोधून ठेवावी, ही नम्र विनंती.