खंदकातील शिपाई आणि वर्गातील मुले

पहिल्या महायुद्धाचा धडा शाळांतून बहुधा एकाच वळणाने शिकवला जातो. साराजेव्होचा खून, दोन्ही बाजूंच्या राष्ट्रांची यादी, व्हर्सायचा तह आणि त्याची कलमे. परीक्षेपुरते हे भागते. मात्र ज्याने ते युद्ध अंगावर झेलले त्या शिपायाचा या धड्यात पत्ताही नसतो. तो मुलांना भेटतो चित्रपटात आणि खेळण्यातल्या बंदुकीत. तेथे तो कधी भीत नाही, भिजत नाही आणि मरतानाही हसतो.

कोवळ्या मनांपुढे युद्धाची भीषणता मांडू नये, असा आक्षेप यावर घेतला जाईल. तो निराधार नाही. आठ-नऊ वर्षांच्या मुलापुढे छिन्नविच्छिन्न प्रेतांचे वर्णन करणे म्हणजे शिक्षण नव्हे. परंतु शिक्षकाने मौन पाळले की ती जागा रिकामी राहत नाही. तेथे खोटे युद्ध येऊन बसते. म्हणून मुलाला पेलेल असे खरे सांगितले पाहिजे, आणि ते खंदकातील दिनक्रमात भरपूर सापडते.

उत्तर समुद्रापासून स्वित्झर्लंडच्या सरहद्दीपर्यंत सुमारे ७०० किलोमीटर ही खंदकांची रांग पसरली होती. शिक्षकाने फळ्यावर नागमोडी रेघ काढावी आणि खंदक सरळ का खणत नसत, हे मुलांनाच विचारावे. शत्रू आत शिरला तर त्याची गोळी टोकापर्यंत जाऊ नये, तोफगोळा पडला तर त्याचा मारा एकाच वळणापुरता राहावा, हे उत्तर दहा वर्षांचे मूल विचार करून देऊ शकते. पहाटे आणि संध्याकाळी सर्वांनी शस्त्रे घेऊन सज्ज उभे राहायचे. उरलेला बराच वेळ माती खणण्यात, पोती भरण्यात, पाणी उपसण्यात आणि उवा मारण्यात जाई. ओल्या बुटांत पाय सडत, म्हणून अधिकारी शिपायांचे पाय तपासत. ओल्या मोज्यांचा त्रास कोणत्याही मुलाला समजतो.

हे सारे केवळ परक्यांचे दुःख नव्हते. सप्टेंबर १९१४ मध्ये हिंदी पलटणी मार्सेय बंदरात उतरल्या. अंगावर उष्ण प्रदेशातले पातळ कपडे होते आणि पुढे युरोपचा हिवाळा होता. हातबॉम्ब अपुरे, म्हणून जॅमच्या रिकाम्या डब्यांत स्फोटके भरून ते बनवावे लागले. न्यव शापेल येथे मार्च १९१५ मध्ये मोठी लढाई झाली. तेथील स्मारकावर ४,७०० हून अधिक हिंदी नावे कोरलेली आहेत. तिकडे मेसोपोटेमियात १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी कूत येथील वेढ्यात सापडल्या. १४७ दिवसांच्या उपासमारीनंतर २९ एप्रिल १९१६ रोजी शरणागती पत्करावी लागली आणि पुढे कैदेत असंख्य शिपाई मेले.

यांपैकी अनेकांना लिहिता येत नव्हते. ते दुसऱ्याकडून पत्र लिहवून घेत आणि ते पत्र सेन्सॉरच्या हातून जाई. फ्रान्समधून घरी लिहिताना काहींनी काळी मिरी आणि लाल मिरची असे सांकेतिक शब्द योजले: काळी म्हणजे हिंदी शिपाई, लाल म्हणजे गोरे. मिरी संपत आली, एवढ्यावरून घरच्यांनी काय ते ओळखायचे. बाके रचून वर्गात लुटुपुटीची लढाई खेळण्यापेक्षा मुलांना असे एक पत्र लिहायला सांगावे. एकाने शिपाई व्हावे, दुसऱ्याने सेन्सॉर. लढाईच्या खेळातून मूल जिंकल्याचा आनंद घेऊन घरी जाईल; पत्र लिहिताना त्याला सांगता न येणारी गोष्ट म्हणजे काय, हे कळेल.

समोरच्या खंदकातल्या जर्मन शिपायालाही त्याच उवा चावत होत्या, हेही सांगितले पाहिजे. १९१४ च्या नाताळात काही ठिकाणी दोन्हीकडचे शिपाई बाहेर येऊन एकमेकांना भेटले. त्यानंतरही युद्ध जवळजवळ चार वर्षे चालले. असे का झाले, हा प्रश्न मुले विचारतीलच. त्याचे सोपे उत्तर शिक्षकापाशी नसेल, तर त्याने तसे मोकळेपणाने म्हणावे.

यामुळे शौर्याचे मोल कमी होईल ही भीती अनाठायी आहे. ज्याला थंडी वाजते, भूक लागते, घर आठवते आणि तरीही जो पहाऱ्यावर उभा राहतो, त्याचेच धैर्य मुलांना खरे वाटते. सातारा जिल्ह्यातील अपशिंगे या गावाने त्या युद्धात ४६ माणसे गमावली. तेथील स्मारकापुढे मुलांना उभे करून एवढेच विचारावे: यांच्या पत्राची वाट घरी कोण पाहत असेल? व्हर्सायच्या तहाची कलमे त्यानंतर शिकवली तरी चालतील.