राजगृहाची संगीती आणि आपल्या संशोधन-सभा

अल्लीपूरसारख्या गावातील अभ्यास मंडळास संशोधन-सभा भरवावयाची झाली की आधी चर्चा होते ती मंडपाची आणि प्रमुख पाहुण्यांची. आमच्या मते पहिला प्रश्न निराळा आहे. सभेत काय तपासावयाचे आहे आणि कोण कोणास विचारणार आहे?

या दृष्टीने चुल्लवग्गातील पहिल्या संगीतीचा वृत्तान्त पुन्हा वाचावा. महाकाश्यपांनी पाचशे भिक्खूंची निवड संघापुढे ञत्ती, म्हणजे प्रस्ताव, मांडून संमत करून घेतली. राजगृह निवडले ते तेथे भिक्षा व निवास विपुल होते म्हणून. त्या वर्षावासात इतर भिक्खूंनी तेथे राहू नये, असेही ठरले. पहिला महिना मोडकळीस आलेल्या निवासांच्या डागडुजीत गेला, मगच संगायन सुरू झाले. महाकाश्यपांनी उपालींना प्रत्येक नियमाविषयी विचारले: तो कोठे घालून दिला, कोणाच्या संबंधात, कोणत्या प्रसंगी? आनंदांना सुत्तांविषयी असेच विचारले गेले. पुढे पुराण नावाचे स्थविर आले. संगायन उत्तम झाले, परंतु मी तथागतांच्या मुखातून जसे ऐकले तसेच धारण करीन, असे ते म्हणाले. हा मतभेद संघाने वृत्तान्तातून वगळला नाही, हे आम्हांस विशेष मोलाचे वाटते.

संघास सभाशास्त्राचे नियम ठाऊक होते, हे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत सांगितले होते. गणपूर्ती नसताना केलेले संघकर्म विनयानुसार अवैध ठरे. आजारी भिक्खूस येता आले नाही, तर त्याचा ‘छंद’, म्हणजे संमती, दुसऱ्याकरवी संघास कळवावी लागे. (आपल्याकडे गैरहजर माणूस हिशेबातच नसतो!)

भारतीय विज्ञान काँग्रेसची अधिवेशने आपल्या नागपुरात १९२० पासून अनेकदा भरली, अलीकडे २०२३ साली. त्याच वर्षी केंद्रीय विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने निधीचा आधार काढून घेतला आणि जानेवारी २०२४ चे नियोजित अधिवेशन झालेच नाही. एकाच हातातील निधीवर विसंबणाऱ्या सभेची ही स्थिती असेल, तर गावातील मंडळाने खर्च आधीच आटोपशीर ठेवावा.

अल्लीपूरच्या परिसरात दिवाळीच्या सुमारास कापसाची वेचणी सुरू होते. त्या दिवसांत सकाळी सभा ठेवली तर मजुरीस जाणाऱ्या उपासिका येणार कशा? वर्षावासातील पौर्णिमेची संध्याकाळ अधिक सोयीची. निबंध दोनच ठेवावेत आणि निम्मा वेळ प्रश्नांस द्यावा. ज्यांना येता येणार नाही त्यांचे प्रश्न आदल्या दिवशी घरी जाऊन लिहून आणावेत व सभेच्या आरंभी वाचावेत.

विषयही दूर शोधावयास नको. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरास दहा वर्षांचे असताना गेलेले आज ऐंशीच्या घरात आहेत. त्यांना महाकाश्यपांचेच प्रश्न विचारावयाचे: कोठून निघालात, सोबत कोण होते, परतल्यावर घरातील देव्हाऱ्याचे काय केले? दोघांच्या आठवणी जुळल्या नाहीत, तर दोन्ही त्यांच्या नावानिशी नोंदवाव्यात. या कामास पुढील वर्षावासाची वाट पाहू नये.