कुसूरची वाट आणि वाट बदललेलं पाणी

परीक्षा संपली की हॉस्टेलवर दोनच विषय असतात, निकाल आणि ट्रेक. निकाल आपल्या हातात नाही, तेव्हा ट्रेकबद्दल बोलू.

कर्जतहून कशेळ्याच्या रस्त्याला लागलेले बहुतेक ग्रुप पेठच्या किल्ल्याला नाहीतर खांडसमार्गे भीमाशंकरला जातात. पण याच रस्त्यावर कडावच्या आसपास उजवीकडे बघा. सह्याद्रीची भिंत उभी असते. तिच्या पायथ्याला भिवपुरी गाव आहे आणि तिथून कुसूर घाटाची जुनी वाट वर मावळात चढते. (भिवपुरी रोड स्टेशनला मात्र उतरू नका. ते नेरळ आणि कर्जतच्या मधे आहे, गाव पार दुसरीकडे!)

डिसेंबर-जानेवारीत पहाटे निघालं तर चढ सावलीत होतो. रमतगमत अडीच-तीन तासांत पठार येतं. मागे वळलात तर कर्जतचा सखल प्रदेश, त्यापलीकडे माथेरान. पुढे पूर्वेला पसरलेलं निळं पाणी म्हणजे ठोकरवाडी धरणाचा जलाशय. थंडीत तो भरलेला असतो, आणि दृश्य असं की डबा उघडायचं भान राहत नाही.

आता थोडं इंजिनिअरिंग. हा तलाव आंद्रा नदीवर आहे. ही नदी मुळात पूर्वेला जाते. आंद्रा इंद्रायणीला मिळते, इंद्रायणी भीमेला, भीमा कृष्णेला आणि कृष्णा बंगालच्या उपसागराला. म्हणजे वाटेत देहू, आळंदी, पंढरपूर! पण टाटांनी १९२२ मध्ये इथे धरण आणि भिवपुरीचं वीजघर सुरू केलं. तेव्हापासून तलावाचं पाणी बोगद्यातून आणि पोलादी नळांतून सुमारे ५०० मीटर खाली कोकणात उतरतं. जोरदार झोत पेल्टन चक्राच्या वाट्यांवर आदळतात, वीज तयार होते, आणि काम संपलेलं पाणी पेज नदीत जातं. पेज उल्हासला मिळते आणि उल्हास अरबी समुद्राला. पाण्याचा समुद्रच बदलला!

ऊर्जा किती? हॉस्टेलच्या गच्चीवरची हजार लिटरची टाकी घ्या. १,००० किलो गुणिले ९.८ गुणिले ५०० म्हणजे ४९ लाख जूल, साधारण १.३६ युनिट. वाटेतली गळती धरून १.२ युनिट हाती येतं असं समजू. त्यावर ७५ वॅटचा पंखा १६ तास चालेल. टाकीभर पाण्याला एवढी किंमत केवळ उंचीमुळे येते. म्हणून तर इंजिनिअर लोकांनी घाटाची कड निवडली.

पण हिशेब इथेच संपत नाही. तलावासाठी खोऱ्यातली शेतं बुडाली. शेजारच्या मुळशी धरणाविरुद्ध १९२१ मध्ये शेतकऱ्यांचा सत्याग्रह सुरू झाला, पुढे सेनापती बापटांनी त्याचं नेतृत्व केलं. भीमा खोऱ्यातल्या दुष्काळी भागातून तर हे पाणी पुन्हा पूर्वेला सोडा, अशी मागणी होत आली आहे. त्यांचं चूक म्हणता येत नाही. पण इकडे पेज उन्हाळ्यातही वाहते ती या पाण्यामुळे. कर्जत तालुक्यातली भातशेती आणि खाली उल्हासचं पाणी पिणारी बदलापूर-कल्याणसारखी शहरं त्यावर शंभर वर्षांत उभी राहिली. त्यांचं तरी काय चुकलं? त्यात ऑगस्ट २०२३ मध्ये टाटा पॉवरने भिवपुरीच्या १,००० मेगावॅट पंप्ड स्टोरेज प्रकल्पासाठी राज्य सरकारशी करार केला. म्हणजे या डोंगराकडून वीज हवीच आहे, आणि पाणी दोन्हीकडे हवं आहे.

वर्गात आपण एफिशियन्सी काढतो. पाणी कुणाचं, हे मात्र कुठल्याच पेपरात विचारत नाहीत. ते कुसूरच्या कडेवर उभं राहिलं की आपोआप सुचतं. एका बाजूला तलाव, दुसऱ्या बाजूला कोकण, आणि मधे आपण.

जाताना माणशी तीन लिटर पाणी घ्या, वाटेत भरवशाचं नाही. वाळलेलं गवत पेट घेतं, तेव्हा शेकोटी नको. तलावात पोहायला उतरू नका, काठाशीही खोल असू शकतं. वीजघराच्या आवारात परवानगीशिवाय शिरू नका. चारच्या आत उतरायला लागा, थंडीत अंधार लवकर पडतो.

आणि येताना कडावला चहा घ्या. त्यातलं पाणी कुठून आलं असेल, याचा विचार चहा संपेपर्यंत पुरेल.