विक्रमांची वही

कुंभकोणमजवळच्या इन्नंबूरला एळुत्तरिनाथाचं, म्हणजे अक्षरं जाणणाऱ्या शिवाचं देऊळ आहे. कथा अशी : राजाला देवळाच्या हिशेबनिसाचा संशय आला, तेव्हा शिवानेच त्याचं रूप घेऊन चोख हिशेब मांडला. आजही पालक मुलांना अक्षरओळखीसाठी इथे आणतात. वही जिवापाड जपणाऱ्या माणसाला हा देव आपलाच वाटावा.

टेबलावर फाशांनी खेळायच्या गोल्फमध्येही अशी वहीच सगळं सांगते. फटका निवडून फासे टाकायचे, चेंडू कुठे पडला ते तक्त्यात पाहायचं, १८ होल झाले की फटक्यांची बेरीज करायची. बेरीज जितकी कमी तितकं चांगलं. आधीच्या सगळ्या डावांपेक्षा कमी आली, की तो विक्रम आणि तिच्याभोवती लाल गोल.

हे लाल गोल लवकरच विरळ होतात आणि खेळणारा खट्टू होतो. खट्टू व्हायचं खरं तर कारण नसतं. कौशल्य तेच राहिलं आणि बरोबरी धरली नाही, तर दहावा डाव आधीच्या नऊंपेक्षा सरस ठरण्याची शक्यता एक दशांश. शंभरावा, एक शतांश. १ + १/२ + १/३ अशी बेरीज करत गेलं, तर पहिला डाव धरून १० डावांत सरासरी ३ विक्रम होतात, १०० डावांत ५ आणि १००० डावांत जेमतेम साडेसात! अशा अनंत बेरजांत रमणारे रामानुजन कुंभकोणमातच वाढले.

म्हणून शंभर डावांत दहा-बारा लाल गोल दिसले, तर फटका निवडण्यात खरोखर सुधारणा झाली असण्याची शक्यता दाट. मात्र प्रत्येक बेरजेशेजारी मैदानाचं नाव हवं. सोप्या नि अवघड मैदानांची सरमिसळ झाली की हे गणित लागू पडत नाही.